बिनव्याजी बँकेतली अकरा वर्षं

आखातातल्या ज्या बँकेत मी अकरा वर्षं नोकरी केली, तिथं गिऱ्हाइकासमोर 'व्याज' हा शब्द उच्चारायची मनाई होती. नफा म्हणायचं, भाडं म्हणायचं, सेवाशुल्क म्हणायचं. नवा माणूस चुकून बोलून गेला तर शेजारच्या टेबलावरचा खाकरायचा. मी कधी चुकलो नाही. मला त्या बंदीचा अभिमान होता.

त्याला कारण माझे वडील. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये ते फिटर होते. त्यांनी जन्मात कुणाला व्याजानं पैसे दिले नाहीत आणि कुणाकडून घेतले नाहीत. पोस्टाच्या पासबुकावर जे व्याज आपोआप जमा व्हायचं, ते दर वर्षी मोजून काढायचे आणि मशिदीच्या संडासाच्या डागडुजीसाठी द्यायचे. आमच्यात बरेच लोक असं करतात. तो पैसा पोटात जाऊ द्यायचा नाही, घरातल्या कशालाही लावायचा नाही. आम्ही पाच भावंडं एका क्वार्टरमध्ये वाढलो, दोघांना एक दप्तर होतं, पण त्या पैशाला आईनं कधी हात लावला नाही. अशा माणसाच्या मुलाला शरियतप्रमाणे चालणाऱ्या बँकेत नोकरी लागली. अब्बा शेडमध्ये जाऊन सगळ्यांना सांगून आले. व्याज घेणारा गरजवंताच्या गरजेवर श्रीमंत होतो म्हणून ते हराम, इतकं त्यांना समजत होतं, आणि मला वाटतं, त्यात सगळं आलं. माझा आजही त्यावर विश्वास आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना मला राग आवरत नाही.

मी कामगारांच्या काउंटरवर होतो. बांधकामावरचे, जहाजाच्या गोदीतले, सफाईवाले लोक यायचे. त्यांना चार-सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हवी असायची. आता, आमची बँक पैसे देऊन जास्त पैसे परत घेऊ शकत नव्हती, कारण ते व्याज झालं असतं. पण व्यापार करायला मुभा होती. म्हणून बँक तुमच्यासाठी तांबं विकत घ्यायची. ते तांबं तुम्हाला चढ्या किमतीला, तीन वर्षांच्या हप्त्यांवर विकायची. मग तेच तांबं तुमच्या वतीनं तिसऱ्याच कुणाला तरी रोखीनं विकायची आणि ती रोकड तुमच्या हातात यायची. तांबं दुसऱ्या देशातल्या गोदामात असायचं. ते मी पाहिलं नाही, गिऱ्हाइकानं पाहिलं नाही, माझ्या साहेबानंही पाहिलं नसणार. सगळा व्यवहार संगणकावर दहा मिनिटांत उरकायचा. गिऱ्हाइकानं तीन ठिकाणी सही करायची आणि दोनदा तोंडानं बोलायचं. एकदा 'घेतलं' आणि एकदा 'विकलं'.

एके दिवशी माझ्यासमोर कार्ल्याचा एक माणूस येऊन बसला. बौद्ध वस्तीतला, माझ्याच वयाचा, गोदीत वेल्डर. अर्जावर 'पुणे जिल्हा' वाचून मी मराठीत विचारलं, "कुठले?" तो खुर्चीतून अर्धा उठलाच.

"तुमी कुटलं?"

"लोणावळा."

"आरं तिच्या. म्हंजी भाऊच की."

त्याला गावाकडं घरामागं दोन खोल्या बांधायच्या होत्या. कार्ल्याला शनिवार-रविवारी पर्यटक येतात, खोल्या भाड्यानं देता येतील, आणि मुलगी बारावी झाली की त्या भाड्यावर तिला नर्सिंगला घालायची, असा नवरा-बायकोचा बेत होता. बायको मळवलीला मुंबईच्या एका पार्टीचा बंगला सांभाळायची. मी त्याला तांब्याची गोष्ट समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली.

"भाऊ, मला तांबं नगं. पैसं पायजेत."

"पैसेच मिळणार. आधी तांबं घ्यायचं, मग विकायचं."

"हाये कुटं ते?"

"गोदामात. दुसऱ्या देशात."

"तुमी बगितलंय?"

"नाही."

"म्हंजी तुमी न बगितलेलं तांबं मी न बगता घ्यायचं, आन् न बगितलेल्या मानसाला इकायचं." त्यानं पेन उचललं. "ऱ्हाऊ द्या. दहा मिन्टं का व्हईना, मालक तर झालो. बायकोला फोन करून सांगू का, येक हंडा घडवून आनतो म्हून?"

मी हसलो. त्याच्या मागं रांगेत उभा असलेला पठाणही, काही न कळता, हसला. सह्या करण्याआधी वेल्डरनं दोनच प्रश्न विचारले.

"व्याज न्हाई ना?"

"नाही."

"आन् मधीच समदं फेडून टाकलं तर?"

"तर सुटलास. व्याजच नाही, मग पुढचं कशाचं भरणार?"

हे वाक्य मी बोललो. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. करारात सातव्या पानावर लिहिलेलं होतं की तांब्याची किंमत एकदा ठरली की ठरली, मुदतीआधी फेडली तरी पूर्ण किंमत द्यावी लागेल, सूट द्यायची की नाही हे बँकेच्या मर्जीवर. साध्या बँकेत व्याज दिवसागणिक चढतं, म्हणून लवकर फेडलं की ते थांबतं. आमच्याकडं तीन वर्षांचा नफा पहिल्या दिवशीच किमतीत मिसळलेला असायचा. तो थांबायचा कुठून? पण महिनाअखेर होती, माझ्या फायली दोन कमी पडत होत्या, आणि सातवं पान वाचायला लागलो की लोक उठून जायचे. परक्या माणसाला मी असं सांगितलं नसतं. हा आपला होता, माझ्या शब्दावर त्याचा भरवसा बसला होता, म्हणून सांगितलं. तालुक्याचं नातं मी फाईल पुरी करायला वापरलं.

त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मोठ्या ठेवीदारांची बैठक होती. तिथं खजूर, कहवा, उंची अत्तराचा वास. त्यांच्या ठेवींना बँकेच्या नफ्यातला वाटा मिळायचा. खाली कामगारांचे पगार ज्या खात्यात जमा व्हायचे, त्यावर काहीच मिळायचं नाही. ती 'अमानत', म्हणजे विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव होती, आणि अमानतीवर काही देणं म्हणजे व्याज. वरच्या खात्यासाठी जी किमान रक्कम लागायची, ती गोदीतल्या माणसाला पाच वर्षं उपाशी राहूनही साठवता आली नसती. म्हणजे हजारो मजुरांचा पगार बँकेत फुकट पडून राहायचा, त्याच पैशांतून तांब्याची खरेदी व्हायची, ते तांबं त्याच मजुरांना चढ्या किमतीला विकलं जायचं आणि नफा वरच्या मजल्यावर जायचा. यातली प्रत्येक पायरी धर्माच्या जाणकारांनी तपासून सही केलेली. वर्षातून एकदा मोठ्या हॉटेलात परिषद व्हायची. आम्हाला कोट घालून दारात उभं करायचे. आत भाषणं व्हायची, की आपली अर्थव्यवस्था न्यायावर उभी आहे आणि दरी मिटवण्याचा मार्ग आपल्याचकडं आहे. हॉटेलाच्या मागच्या बाजूला कामगार वस्तीकडं जाणाऱ्या बस लागायच्या. मी दोन्ही बघत होतो आणि टाय सरळ करत होतो. तो देश मुसलमानांचा होता, बँक मुसलमानांची होती, कायदा आमचा होता. बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप येतो. आमच्या हातात सगळं असताना आम्ही हे केलं.

चौदा महिन्यांनी गोदीतलं काम बंद पडलं. वेल्डरला नोकरी संपल्याचे पैसे मिळाले आणि ते आमच्याच बँकेत जमा झाले. तो खुशीत आला होता. हातात बायकोसाठी घेतलेला मिक्सर होता, दुकानातून थेट काउंटरवर.

"भाऊ, हिसाब करून टाका. रविवारचं तिकिट बगतो."

मी आकडा काढला. तीन वर्षांची पूर्ण किंमत, भरलेले हप्ते वजा. त्याच्या खात्यातले सगळे पैसे गेले तरी बाकी राहत होती. आणि बाकी असताना देश सोडता येत नव्हता. बँकेनं कळवलं की विमानतळावर अडवत.

त्यानं आकडा दोनदा वाचला. "ह्ये कसं काय? तुमी तर बोलला व्हता."

"करारात आहे."

"करार मी कुटं वाचला? तुमाला वाचला मी."

त्याच आठवड्यात मी एक पत्र टाईप केलं होतं. शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्यानं गोदामांसाठी घेतलेलं कर्ज मुदतीआधी फेडलं होतं. वरून एक फोन आला आणि त्याला घसघशीत सूट मिळाली, 'सद्भावना म्हणून'. मर्जी बँकेची होती. मर्जी कुणावर व्हायची हे ठरलेलं होतं.

तरी एक वाट होती. बँकेत तक्रारी ऐकणारं मंडळ होतं, त्यात एक म्हातारे आलिम, म्हणजे धर्मपंडित, बसायचे. ते खरंच देवाला भिणारे होते. बँकेच्या माणसानं गिऱ्हाइकाला चुकीचं सांगून सही घेतली, हे कागदावर आलं तर ते सूट द्यायला लावत. मी तसं होताना दोनदा पाहिलं होतं. वेल्डरला हे कुणीतरी सांगितलं असावं. तो पुन्हा आला. या वेळी उभाच राहिला.

"तुमी मला जे बोलला, तेवडंच लिवून द्या. दोन वळी. जास्त काय न्हाई."

"बँकेचा माणूस असं लिहून देऊ शकत नाही."

"दिऊ शकत न्हाई का देत न्हाई?"

त्या महिन्यात माझी बढती ठरायची होती. मुलगा तिथल्या भारतीय शाळेत दहावीला होता. मी म्हटलं, "नियम आहे." असा नियम नव्हता.

त्यानं माझ्या नावाची पाटी वाचली. मग म्हणाला, "बरं हाये साहेब." त्याआधी तो मला एकदाही साहेब म्हणाला नव्हता.

तो बावीस महिने अडकला. मिळेल तिथं रोजावर वेल्डिंग करायचा, सात जणांच्या खोलीत आठवा म्हणून राहायचा, आणि हप्ता चुकला की दंड बसायचा. दंडाचंही ऐका. दंड बँकेनं ठेवून घेतला तर ते व्याज ठरतं, म्हणून उशिराचा सगळा दंड धर्मादाय खात्यात जायचा. त्यातून रमजानमध्ये कामगार वस्तीत रोजा सोडायच्या वेळी बिर्याणीची पाकिटं वाटली जायची. बँकेचा फलक, फोटो काढणारा, आणि आम्ही हिरव्या टोप्या घालून रांगेत. माझ्या रांगेत तो आला. तो काही रोजेदार नव्हता, पण तिथं कुणी विचारत नसे. भूक लागलेली माणसं होती. मी पाकीट पुढं केलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं, फलक वाचला. पाकीट घेतलं आणि म्हणाला, "माजंच हाये न्हवं ह्ये? का ह्यात बी तुमचा नफा हाये?"

फोटोवाल्यानं आम्हाला हसायला सांगितलं. तो फोटो बँकेच्या वार्षिक अहवालात छापून आला. मी त्यात हसतोय.

बढती मिळाली. वर्षभर ती भोगून मी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला परत आलो. अब्बा तोवर गेले होते. मी बचतीतून फ्लॅट घेतला, रोख, बिनव्याजी. मोहल्ल्यात मला मान मिळाला. 'इस्लामी बँकेतले साहेब.' पुण्याला जाताना लोकल मळवलीला थांबायची, तेव्हा मी मोबाईल काढून त्यात बघत बसायचो. तो सुटून घरी आलाय हे मला कळलं होतं. जाऊन भेटलो मात्र नाही.

मोहल्ल्यातल्या कमिटीनं बिनव्याजी मदत फंड काढायचं ठरवलं. कुणीही यावं, जात-धर्म बघायचा नाही, एक पैसा जास्त घ्यायचा नाही. नियम करायचं काम माझ्याकडं आलं. मी ते मनापासून केलं. वाटलं, आता फेड होईल. आणि मला जे येत होतं तेच मी लिहिलं. पैसे बुडू नयेत म्हणून तारण सोनं. सोन्याच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम. सोनं नसेल तर अर्ज घ्यायचा नाही.

दोन वर्षांत फंड छान चालला. एक पैसा बुडाला नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर माझं कौतुक झालं. पैसे कुणाला गेले हे मी पाहिलंच नव्हतं असं नाही. तीन दुकानं असलेल्या एकानं बायकोच्या बांगड्या ठेवून रक्कम उचलली आणि पवना धरणाकडं प्लॉटचा सौदा केला. दुसऱ्यानं हॉटेलला नवं फर्निचर केलं. फुकट पैसा कोण सोडतो? ज्यांच्या घरात सोनं नव्हतं, ते दर वेळी दारातल्या फलकाखाली थांबायचे, नियम वाचायचे आणि बाजारपेठेतल्या दिवसाच्या व्याजवाल्याकडं जायचे.

गेल्या पावसाळ्याआधी एक मुलगी अर्ज घेऊन आली. विशीतली, हॉटेलच्या हाउसकीपिंगचा गणवेश, केस घट्ट बांधलेले. तळेगावला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती. मी विचारलं, मधली दोन वर्षं काय केलं?

"पप्पा बाहेर अडकले होते काका. घरात पैसे नव्हते, मग मी हॉटेलला लागले. आता पुढच्या वर्षी वय जाईल म्हणतात कॉलेजवाले, तसं काही असतं का माहीत नाही. पण मला थांबायचं नाही."

अर्जावर वडिलांचं नाव, गाव कार्ले, धंदा वेल्डर.

"सोनं?" शेजारी बसलेल्या कारकुनानं विचारलं.

"आईचं मंगळसूत्र आहे. ते बेंटेक्सचं आहे," ती म्हणाली. "खरं होतं ते पप्पांच्या तिकिटाला गेलं."

कमिटीच्या बैठकीत मी तिच्यासाठी बोललो. आपसांत आम्ही हिंदीत बोलतो. इथं मराठीत लिहितो. कमिटीचे अध्यक्ष, आमचे सदर चाचा, मृदू माणूस आहेत. ते म्हणाले, "नियम तर तुमचाच आहे, भाईजान. तुम्हीच सांगितलं होतं की एकदा सवलत दिली की रांग लागते."

"चुकीचं सांगितलं होतं."

"फंड दोन वर्षं चाललाय ना त्यावर."

"ज्यांना गरज नाही त्यांना देऊन चाललाय चाचा. त्यात काय मोठं? सोनं ठेवून पैसे तर सावकारही देतो."

"तो व्याज घेतो."

"तो निदान गरजवंताला दारात उभं तरी करतो."

हे मी नको इतकं मोठ्यानं बोललो. कुणीतरी पंख्याचं बटण उगाच बंद-चालू केलं. कमिटीतच असलेला तो तीन दुकानांवाला म्हणाला, "एवढी कळकळ आहे तर तुमच्या खिशातून द्या." माझ्या खिशात तेवढे नव्हते, मुलाच्या कॉलेजच्या फीत गेले होते. अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीच्या कागदावर सही करायची होती, आणि ते काम माझं होतं. मी केली नाही. दुसऱ्यानं केली. अर्थात त्यानं त्या मुलीला काय फरक पडला?

दुसऱ्या दिवशी मी मळवलीला उतरलो.

वेल्डरची बायको सांभाळायची तो बंगला स्टेशनपासून वीस मिनिटांवर, भाताच्या खाचरांच्या कडेला. वहिनी पोहण्याच्या तलावातली पानं लांब जाळीनं काढत होत्या. वेल्डर गेटचं बिजागर जोडत होता. त्यानं डोळ्यांवरची वेल्डिंगची काच वर केली, मला पाहिलं, काच खाली घेतली आणि काम पुरं केलं. मग म्हणाला, "ह्ये लोनावळ्याचं साहेब. बँकवालं."

वहिनींनी पायरीवर सतरंजी टाकली. मला बसवेना. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्याला काय बोललो होतो ते, सातवं पान, मंडळातले आलिम, दोन ओळींचा कागद. म्हटलं, नियम नव्हता, मी घाबरलो होतो, बढतीसाठी लिहिलं नाही.

वहिनी नवऱ्याकडं वळल्या. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगायचं? आपल्या हितल्याच मानसानं केलं म्हून? तू फोनवर रडली आसतीस. मला तितं येक येक मिन्ट मोजून पैकं पडत व्हतं."

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही. "दोन वळी. पोरीच्या बारावीचा निकाल लागला तवा ती आधी बापाला फोन लावत बसली व्हती, लागला न्हाई. दुसऱ्या दिशी हाटेलात चादरी बदलाया गेली. तुमाला दोन वळी लिवाया काय शाई महाग पडली व्हय?"

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, पण 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. माझ्या मनात कुठंतरी त्या शब्दाची अपेक्षा होती, हे तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

"माफीचं काय करू?" त्या म्हणाल्या. "पोरीचं सांगा. तुमच्या फंडानं तर हाकलली."

वेल्डरनं हातमोजे काढले. वडगावला एका सरकारी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी झाली होती. फी आणि वसतिगृह मिळून रक्कम त्यांच्या मर्यादेच्या वर जात होती, म्हणून आई-बापांशिवाय तिसरा जामीनदार लागत होता, स्वतःच्या नावावर घर असलेला. त्यांच्या ओळखीत असा कुणी नव्हता. प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर होती.

"तुमच्या नावावर घर हाये का?" वहिनींनी विचारलं.

"आहे."

वेल्डर हसला, पण ते पहिल्या दिवसासारखं हसू नव्हतं. "त्यांच्यात चालत न्हाई ग. व्याजाचा कागद हाये. सही करनारा बी पापात धरत्यात. हाये न्हवं साहेब?"

"आहे," मी म्हटलं. लहानपणापासून ऐकलेलं: घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीला उभा राहणारा. अब्बांनी एका सख्ख्या भावाला जामीन राहायला नकार दिला होता आणि ते दोघं मरेपर्यंत बोलले नाहीत.

"मंग?"

"कधी जायचं वडगावला?"

घरी बायकोशी भांडण झालं. ती म्हणाली, तुमच्या वडिलांनी संडासाला दिला तो पैसा, आणि तुम्ही त्यावर सही करणार. मी म्हटलं, वडिलांनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, त्यांना ते परवडत होतं. ती चूक होती असं मी म्हणत नाही. त्या सहीचा जाब मला द्यावा लागेल, आणि तो देताना 'चांगल्या कामासाठी केलं' एवढं पुरेल की नाही, मला माहीत नाही. पण हेही मला माहीत आहे की त्या हलाल बँकेत खरं लिहायला मी पेन उचललं नाही, आणि त्याबद्दल मोहल्ल्यात मला आजवर कुणी जाब विचारलेला नाही. धर्म एवढासा करून ठेवलाय आम्ही. एक शब्द टाळला की झालं.

वडगावच्या बँकेत तरुण अधिकारी होती. तिनं व्याजाचा दर सांगितला. तो कमी नव्हता. मी विचारलं, मुदतीआधी फेडलं तर? ती म्हणाली, त्या दिवसापर्यंतचंच व्याज, दंड नाही. मी म्हटलं, कुठं लिहिलंय दाखवा. तिनं पान काढून दिलं. मी ते मुलीसमोर ठेवलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. पुन्हा वाच म्हटलं. अधिकारी कंटाळली, मागं रांग लागली होती.

"काका, कळलं मला," मुलगी म्हणाली. "तुम्ही सही करा. तीनला माझी ड्युटी आहे."

मी चार ठिकाणी सही केली. वहिनी आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. वेल्डर खिडकीपाशी उभा होता. बाहेर पडल्यावर, तहसील कचेरीच्या समोरच्या झाडाखाली, तो मला म्हणाला, "आता तुमचं नाव कागदावर आलं साहेब. पोरगी थकली की ती मानसं तुमच्या दारात येत्याल. नोटीस लावत्याल. तवा तुमाला कळंल, बाकी म्हंजी काय आसतं."

तो हे रागानं बोलत नव्हता. मला बजावून सांगत होता.

"येऊ देत," मी म्हटलं.

"येणार नाहीत," मुलगी म्हणाली. बँकेनं दिलेली कर्जाची पोच ती दुसऱ्यांदा तपासत होती. "पप्पा, चला, बस आली. आणि तुम्ही यांना साहेब काय म्हणताय सारखं? कुणी साहेब नाहीत ते."